खाचेची सुपारी

मनुबाईला कुणी पुण्यवान म्हटलं की तिचं डोकं फिरायचं. "पुण्य तुझ्या घरी ठेव," म्हणायची, "मला गरम पाणी दे आन् पुरुषांना भाईर काढ." रेवदंड्याच्या कोळीवाड्यात तीस वर्षं तिनं बाळंतपणं केली. आज जे होडी घेऊन समुद्रात जातात आणि मिशीला पीळ देतात, त्यातले निम्मे पहिल्यांदा तिच्याच हातात रडलेत. तिला जाऊन आता दोन वर्षं झाली. तिची सुईणीची पिशवी माझ्याकडे आली आणि सुपाऱ्यांचं मडकंही माझ्याकडेच आलं. लोक तिची आठवण फार गोड शब्दांत काढतात, ते मला ऐकवत नाही. मनुबाई गोड नव्हतीच मुळी. भांडखोर होती, दिवसातून चारदा मशेरी लावायची, वेणा देणाऱ्या बाईला शिव्या घालायची. आणि तिच्या एका शब्दानं एका बाईचा जीव गेला होता. हे तिनं स्वतः भर जमातीत सांगितलं, म्हणून मीही सांगते.

मी राही. माहेर थळचं, सासर इथलं. नवरा शिवदास, सासू सोनूबाई. माझं जे झालं ते सांगण्याआधी सुपारीचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

आमच्यात पोर झाल्यावर पाचव्या दिवशी सटवीची पूजा करतात. सुपात तांदूळ, नारळ, सुपारी मांडायची. पूजा झाली की ती सुपारी सुईणीची. बाकीच्या सुइणी ती फोडून पानात घालून मोकळ्या व्हायच्या. मनुबाई मात्र मडक्यात ठेवायची. जेवढी पोरं तेवढ्या सुपाऱ्या. पावसाळा सरला की उन्हात घालायची, राखेत घोळून परत भरायची, म्हणजे कीड लागत नाही. पण व्यंगाचं पोर झालं की पाचवी करायचीच नाही, अशी तेव्हा रीत. पाचवी नाही म्हणून सुपारी नाही. मग मनुबाई वाडीतून स्वतः एक सुपारी आणायची, कोयत्यानं तिला खाच पाडायची आणि टाकायची मडक्यात.

आणि पाचवी नाही म्हणून बुकात नावही नाही. बाबाजी पाटील हा गावचा पोलीस पाटील, आणि जमातीतही शब्द त्याचाच. जन्माचं सरकारी बुक तो लिहायचा, पण पाचवी झालेलीच पोरं लिहायचा. बाकीची गेली कुठं, हे ना कुणी विचारलं ना कुणी सांगितलं. एकदा बुकात बापाच्या नावाखाली पोर चढलं, की ते त्या घरचं झालं. मग त्याच्या आईला हात धरून बाहेर काढायची कुणाची टाप नव्हती. ज्याचं नाव चढलं नाही, त्याची आई वाऱ्यावर.

आता माझं. एकोणीसशे सव्वीस सालच्या संक्रांतीला भर दुपारी सूर्याला ग्रहण लागलं. मला दुसरा महिना सरत आला होता. ग्रहणात पोटुशी बाईनं चिरायचं नाही, कापायचं नाही, सुई धरायची नाही, नाहीतर पोराचा ओठ फाटका निघतो, असं आमच्याकडे शेंबड्या पोराला ठाऊक. सोनूबाईनं सकाळीच विळी आणि कोयता माळ्यावर टाकला, मला आतल्या खोलीत बसवलं आणि स्वतः उंबऱ्यात ठाण मांडून बसली. मी काही केलं नाही. हात मांडीवर ठेवून बसले, निदान मला तसंच आठवत होतं.

श्रावण लागला त्या दिवशी सकाळी मला मुलगी झाली. मनुबाईनं तिला पुसलं, उलटी धरली, ती रडली. आणि खोलीतल्या बायका मागं सरकल्या. मुलीचा वरचा ओठ नाकपुडीपर्यंत फाटलेला होता.

सोनूबाईनं कपाळावर हात मारला. "चिरलं हिनं. माझ्या नजरेआड काहीतरी चिरलं."

"तू उंबऱ्यात बसली व्हतीस ना?" मनुबाई म्हणाली.

"मग मुतायला उठले तेवढ्यात चिरलं असंल."

मनुबाईनं तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. पोरीला माझ्या छातीशी लावलं. दूध ओढताना फटीतून वारा जात होता, पोरगी कासावीस होत होती. मनुबाईनं माझा अंगठा धरून त्या फटीवर दाबला. "असा धर. फट बुजव. तोंडात टाळू शाबूत हाय हिची, मी बोट घालून बघितलंय. ही पिईल. पाजू नकोस असं कुणी सांगितलं तर त्याचं नाव मला सांग." सोनूबाई दारातच उभी होती. तिला हे ऐकवण्यासाठीच ते होतं.

दुपारी खोलीत आम्ही दोघीच उरलो तेव्हा मला रडू फुटलं. मी म्हटलं, "मावशी, मी ऊस खाल्ला गो. संक्रांतीचा. ग्रहण लागलं तेव्हा हातात कांडं व्हतं. दातानं सोललं. दातानं सोलणं म्हणजे चिरणंच झालं ना? आन् बघ, पोरीचं तोंडच फाटलं."

मला वाटलं, मायेनं जवळ घेईल. कसलं काय. तिनं मला असं झापलं की रडू जागच्या जागी थिजलं.

"सकाळी वेणा चालू व्हत्या तेव्हा मी तुला काय विचारलं?"

विचारलं होतं. ती प्रत्येकीला विचारायची, हे मला नंतर कळलं. वेणा ऐन भरात असताना, पोर बाहेर यायच्या आधी. पोटुशी असताना ग्रहण पडलं का, त्यात काही कापलंस का.

"मी न्हाय म्हणाले."

"आन् पोर बघितल्यावर ऊस आठवला. गोरंगोमटं पोर झालं असतं तर ऊस आठवला असता?"



मग तिनं सांगितलं. फाटक्या ओठाचं पोर तिनं पहिल्यांदा पाहिलं ते बाबाजीचं. बाबाजी तेव्हा तरणा होता, पाटीलकी त्याच्या बापाकडे होती, आणि त्याची पहिली बायको नीराबाई. घरच्यांनी सुईणीला विचारलं, हे कशानं झालं. मनुबाई ठसक्यात म्हणाली, ग्रहणात चिरलं असणार. नीराबाई पाया पडून सांगत होती की मी चिरलं नाही. दहाव्या दिवशी तिला पोरासकट माहेरी धाडलं. तरीच्या होडीतून खाडी पार करायची होती. मध्यावर तिनं पोराला पदरात बांधलं आणि पाण्यात गेली.

"मला राग आला तिचा," मनुबाई म्हणाली. "मी खरं बोलले तर ही मरते कशाला, म्हणून. मग मी मोजायला लागले. का ठावं हाय? मी बरोबर व्हते हे दाखवायला."

पहिली दोन वर्षं तिनं फक्त व्यंगाच्या पोरांच्या आयांना विचारलं. घाबरलेल्या त्या बाया. प्रत्येकीला काही ना काही आठवायचंच. एकीनं कांदा चिरला होता, एकीनं नख तोडलं होतं, एकीनं नुसता दोरा दातानं तोडला होता. मनुबाईला वाटलं, आपलंच खरं. मग एका ग्रहणाला ऐन दुपारी होड्या लागल्या, आणि गोदू नावाची आमची शेजारीण, सहा महिन्यांची पोटुशी, टोपलीभर मांदेली कापत बसली. म्हावरं काय ग्रहण सुटेपर्यंत थांबतं? उन्हात कुजतं. तीन महिन्यांनी गोदूला मुलगा झाला, चांगला दणकट. पाचवीला त्याची सुपारी हातात घेतली आणि मनुबाई जागच्या जागी उभी राहिली. धड पोरांच्या आयांना तिनं एकदाही विचारलेलं नव्हतं.

तिनं मडकं रिकामं केलं. नीराबाईची तेवढी सुपारी बाजूला ठेवली आणि गोदूच्या पोराच्या सुपारीपासून नव्यानं सुरुवात केली. आता सगळ्यांना विचारायचं, आणि पोर बघायच्या आधी विचारायचं. जी कापलं म्हणेल तिच्या पोराच्या सुपारीला होडीच्या डांबराचा ठिपका. पोर व्यंगाचं असेल तर खाच. सतरा वर्षं हे चाललं होतं आणि गावाला वाटत होतं, म्हातारीला सुपारीची हाव आहे.

पाचवा दिवस आला आणि गेला. पाचवी झाली नाही. बारसंही नाही. सोयर फिटलं त्याच दिवशी सोनूबाई जमातीकडे गेली. दोन दिवसांवर नारळी पुनव होती. पुनवेला दर्यात नारळ सोडून होड्या बाहेर काढायच्या, आणि अशी बाई घरात असताना आमच्या होडीनं नारळ कसा सोडायचा, असं तिचं म्हणणं. मला थळला धाडायचं आणि शिवदासला दुसरी करून द्यायची. पोरीचं काय, ते कुणी बोललंच नाही. थळला माझा बाप दारात उभं करणार नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. खाडीची वाटही सगळ्यांना ठाऊक होती.

बाबाजी पाटलाच्या पडवीत जमात बसली. पुरुष चटईवर, बायका भिंतीला. मी पोरीला घेऊन खांबाशी. शिवदास मान खाली घालून बसला होता. त्या दिवशी माझा नवरा एक शब्द बोलला नाही, हे मी त्याला अजून ऐकवते. आणि ऐकवणारच.

बाबाजीनं बुक समोर ठेवलं होतं. म्हणाला, "सतरा वर्षं पाटीलकी करतोय. या बुकात व्यंगाचं एक पोर न्हाय. गावात नसतं ते एकाच घरात झालं, म्हणजे त्या बाईच्या हातून काहीतरी झालं. सोनूबाईचं म्हणणं मला पटतं."

तेवढ्यात मनुबाई मडकं काखेत घेऊन आत आली. तिला कुणी बोलावलं नव्हतं.

"बुकात न्हाय, कारण तू लिवत न्हाईस," ती म्हणाली. "माझ्यात हायेत."

तिनं मडकं चटईवर उपडं केलं. सुपाऱ्या घरंगळत पुरुषांच्या पायांपर्यंत गेल्या. हे काय म्हणून सगळे ओरडायला लागले. ती बसून त्यांचं ओरडणं संपायची वाट बघत राहिली. मग तिनं डांबराचा ठिपका, खाच, सगळं सांगितलं. शेवटी बायकांकडे वळली. "बायांनो, पुढं या. म्हावरं मोजता तशी कोडी कोडी मांडा. ठिपक्याच्या एका बाजूला, बिनठिपक्याच्या एका बाजूला."

पुरुष मासे पकडतात, पण मोजतात आमच्याकडे बायकाच. बाजारात कोडी मोजताना बाई चुकली तर दुसऱ्या दिवशी तिच्याकडे कुणी येत नाही. पंधरा-वीस जणी पुढं सरकल्या आणि हात चालायला लागले. वीस-वीसची एक कोडी, हातासरशी. पुरुष नुसते बघत होते.

ठिपक्याच्या आठ कोड्या झाल्या, वर तीन. त्यात खाचेच्या चार. बिनठिपक्याच्या तेहतीस कोड्या, वर एक. त्यात खाचेच्या पंधरा. फाटका ओठ, वाकडा पाय, सहावं बोट, बंद कान, सगळं धरून.

"आता सांगा," मनुबाई म्हणाली. "ज्यांनी कापलं त्यांच्यात दोन कोड्यांना एक. ज्यांनी न्हाय कापलं त्यांच्यात बी दोन कोड्यांना एक, फार तर थोडं कमी. ग्रहणानं काय फरक पडला?"

ते तिथल्या प्रत्येक बाईला कळलं. भाव ठरवणारी बाई ती, तिला समजावून सांगावं लागत नाही. पण बाबाजी म्हणाला, "सुपाऱ्या तुझ्या, डांबर तुझं. ठिपके तू हवे तसे लावले असशील. कोण बाई कबूल करील की मी ग्रहणात कापलं? नावं सांग."

"नावं सांगणार न्हाय. वेणा देताना बाई सुईणीला सांगते ते जमातीसाठी सांगत न्हाय."

"मग हे सगळं फुकट."

  मी पोरीचा ओठ अंगठ्यानं धरून होते, ती पीत होती, आणि मला वाटलं, संपलं. एवढं मोजून संपलं.

तेव्हा गोदू उठली. कमरेला पदर खोचला, चटईवर वाकली आणि ठिपक्याच्या ढिगातली एक सुपारी उचलली. "ही माझ्या अनंताची. मी टोपलीभर मांदेली कापली व्हती. तो तिथं बसलाय, बघा त्याचं तोंड." अनंता सतरा वर्षांचा बाप्या झाला होता, लाजून लाल झाला.

मग दुसरी उठली. मग तिसरी. कुठली सुपारी कुणाची हे त्यांना काय कळणार, हाताला येईल ती उचलायच्या. पण हातात ठिपक्याची सुपारी घेऊन उभ्या राहायच्या. बाबाजीची दुसरी बायको आवडाबाई, चार पोरांची आई, ती शेवटी उठली. नवऱ्याकडे न बघता तिनं दोन सुपाऱ्या उचलल्या. बावीस जणी उभ्या होत्या. सोनूबाई बसूनच राहिली.

बाबाजीनं विचारलं, "मग कशानं होतं हे?"

"मला ठावं न्हाय," मनुबाई म्हणाली. "कशानं होतं ते मला ठावं न्हाय. कशानं होत न्हाय तेवढं ठावं झालंय. तेवढ्याला सतरा वर्षं लागली." मग तिनं कनवटीची एक सुपारी काढली आणि त्याच्यासमोर बुकावर ठेवली. जुनी, किडीनं भोकं पाडलेली, खाचेची. ठिपका नव्हता. "ही नीराबाईच्या पोराची."



"हिला ठिपका न्हाय, पण तिला कुणी विचारलं व्हतं?" बाबाजी म्हणाला.

"विचारायची गरज नव्हती, ती पाया पडून सांगत व्हती. ती न्हाय म्हणाली. मी खोटं धरलं. तू बी धरलंस. माझ्या शब्दानं ती पाण्यात गेली, हे मी आज सगळ्यांसमोर बोलते. मला वाळीत टाका. पण या पोरीला खाडीच्या वाटेला लावलंत, तर दुसऱ्या सुईणीला बोलवायची तयारी ठेवा. या वाड्यात मी परत कुणाच्या बाळंतपणाला हात लावणार न्हाय."

बाबाजीनं ती सुपारी उचलली. बराच वेळ बोटांत फिरवली. मग ती पानाच्या चंचीत ठेवली, बुक उघडलं, टाक बुडवला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "पोरीचं नाव काय?"

नाव ठेवलंच नव्हतं कुणी. पण माझ्या मनात होतं. "केसर," मी म्हटलं. "आन् तिची पाचवी उद्या व्हईल. माझ्या सासरच्या घरात व्हईल. सुपारी मावशीला मी माझ्या हातानं देईन."

त्यानं लिहिलं. केसर, बाप शिवदास. बुक मिटायला लागला तर मनुबाईनं त्याचा हात धरला. "ओठाचं बी लिव. जसं हाय तसं लिव." शेवटच्या रकान्यात त्यानं लिहिलं, वरचा ओठ फाटका. त्या दिवसापासून त्यानं सगळी लिहिली. पाचवी झालेली, न झालेली, जगलेली, पहिल्याच दिवशी गेलेली, वाकड्या पायाची, सहा बोटांची.

पुनवेला आमच्या होडीनं नारळ सोडला. त्या वर्षी म्हावरं दरवर्षीसारखंच लागलं, ना कमी ना जास्त. चांगलं लागलं असतं तरी मी तुम्हाला सांगितलं नसतं, कारण मग तुम्ही म्हणाला असता, पोरगी पायगुणाची.

पाच वर्षं झाली. एकतीस साली कचेरीतून एक कारकून बुक तपासायला आला. पानं चाळता चाळता थांबला. मग मागं गेला, परत पुढं आला. मनुबाईला बोलावणं आलं, तिच्या मागून मी गेले, केसर माझ्या मागून.

"हे काय आहे, पाटील?" कारकून म्हणाला. "सव्वीस सालापर्यंत व्यंगाचं एकही पोर नाही. आणि त्यानंतर पाच वर्षांत सहा? गावात काय रोग शिरलाय? पाण्यात काही आहे का? मला वर कळवावं लागेल, रेवदंड्याला व्यंगाची पोरं वाढली म्हणून."

मनुबाईनं तोंड उघडलं होतं. पण बाबाजीनं हात वर करून तिला थांबवलं. तो उठून उभा राहिला. चंची त्यानं मुठीत धरली होती. नीराबाईची सुपारी त्यात होती. पान खाणारा माणूस, पण ती त्यानं कधी फोडली नाही.

"वाढली न्हायत, साहेब," तो म्हणाला. "दोन कोड्यांना एक, तेव्हा बी व्हती, आता बी हायेत. आधीची सतरा वर्षं खोटी हायेत. ती मी लिवलीत. कळवायचं तर ते कळवा."

 केसर त्याच्यासमोर उभी राहून त्याच्याकडे टक लावून बघत होती. तो तिच्या ओठाकडे बघत होता, मग नजर चुकवत होता, मग परत बघत होता. शेवटी काहीतरी विचारायचं म्हणून त्यानं तिला नाव विचारलं.

"केसर शिवदास," ती म्हणाली, आणि बुकावर बोट ठेवलं. "यात हाय. वाच."